घटनादुरुस्ती: काँग्रेसमार्फत की राज्यांच्या परिषदेमार्फत? अमेरिकेतल्या मतदारासाठी तुलना

अमेरिकेच्या राज्यघटनेत आजवर 27 दुरुस्त्या झाल्या आणि सगळ्याच्या सगळ्या एकाच वाटेने आल्या. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, सिनेट आणि प्रतिनिधिगृह या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी मसुदा मंजूर केला आणि तो राज्यांकडे पाठवला. घटनेच्या पाचव्या कलमात दुसरी वाटही आहे: 50 पैकी 34 राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली, तर काँग्रेसला घटनादुरुस्ती परिषद बोलवावीच लागते. ही वाट अजून एकदाही वापरली गेलेली नाही. तरी विधिमंडळांची अधिवेशने सुरू झाली की कुठे ना कुठे असा ठराव येतोच, आणि तिथे मतदार असलेल्या मराठी माणसाला आपल्या आमदाराला काय सांगायचे ते ठरवावे लागते.

भारताची सवय इथे उपयोगी पडत नाही. आपल्याकडे कलम 368 नुसार दुरुस्तीचे विधेयक संसदेतच मांडले जाते. काही बाबतींत निम्म्या राज्यांची मान्यता लागते, पण पहिले पाऊल राज्यांना टाकता येत नाही. अमेरिकेत ते टाकता येते, आणि वाद आहे तो त्यानंतर काय होईल याचा.

दोन्ही वाटांवर कुलूप एकच

मसुदा काँग्रेसमधून येवो वा परिषदेतून, 38 राज्यांनी मान्यता दिल्याशिवाय तो घटनेत जात नाही. राष्ट्राध्यक्षाची सही लागत नाही, हे 1798 पासून ठरलेले आहे. नेब्रास्का सोडून प्रत्येक राज्यात दोन सभागृहे आहेत, म्हणजे एकूण 99. राज्याची मान्यता एका सभागृहाने अडवली तरी अडते. त्यामुळे 13 राज्यांतले एकेक सभागृह ठाम राहिले तर दुरुस्ती तिथेच थांबते.

परिषदेचे समर्थक हेच सांगून लोकांना निर्धास्त करतात, आणि ते बरोबरही आहे. पण हाच हिशेब त्यांच्या आवडत्या दुरुस्तीलाही लागू होतो, हे मात्र ते सांगत नाहीत. जी मागणी काँग्रेसमध्ये पक्षीय भिंतीवर आपटते, तिला 38 राज्ये मिळणे सोपे नाही. ‘काही बिघडणार नाही, कारण 38 लागतात’ आणि ‘परिषद झाली की मुदतमर्यादा (खासदाराने किती काळ पदावर राहायचे याची मर्यादा) आलीच’ ही दोन वाक्ये एकाच भाषणात ऐकू आली तर सावध व्हावे.

एक बारीक फट आहे. मान्यता विधिमंडळांनी द्यायची की त्यासाठी राज्याराज्यांत वेगळे मेळावे भरवायचे, हे काँग्रेस ठरवते. दारूबंदी उठवणारी 21वी दुरुस्ती 1933 मध्ये अशा मेळाव्यांतून दहा महिन्यांच्या आत मंजूर झाली. त्या पद्धतीत 13 सभागृहांचा हिशेब लागू पडत नाही.

मसुदा कोण लिहिणार

खरा फरक इथे आहे. काँग्रेसच्या वाटेत काँग्रेसलाच स्वतःवर लगाम घालणारा मजकूर लिहावा लागतो. खासदारांच्या मुदतमर्यादेचे उदाहरण घ्या. राज्यांनी आपापल्या कायद्याने ती लावायचा प्रयत्न केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले की त्यासाठी घटनादुरुस्तीच हवी. आता ती मंजूर कोण करणार? ज्यांची मुदत संपणार आहे तेच. अशा विषयात राज्यांच्या वाटेचा दावा सर्वांत भक्कम आहे. घटनाकारांनी 1787 मध्ये ही तरतूद ठेवली तीसुद्धा याच शंकेपोटी.

संतुलित अर्थसंकल्पाची, म्हणजे केंद्राने उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करू नये अशी, दुरुस्ती मात्र काँग्रेसमध्येही काठावर आली होती. 1982 मध्ये सिनेटने ती 69 विरुद्ध 31 मतांनी मंजूर केली, पण प्रतिनिधिगृहात ती पडली. 1997 मध्ये सिनेटमध्ये 67 ऐवजी 66 मते मिळाली. अशा विषयात काँग्रेसची वाट बंदच आहे असे म्हणता येत नाही.

परिषदेत नेमके काय अडेल

पाचवे कलम परिषदेच्या कामकाजाबद्दल गप्प आहे. प्रत्येक राज्याने किती प्रतिनिधी पाठवायचे, मसुदा साध्या बहुमताने मंजूर करायचा की दोन-तृतीयांशाने, अध्यक्ष कोण, यातले काहीच लिहिलेले नाही. सिनेटने 1971 मध्ये अशा परिषदेच्या नियमांचे विधेयक मंजूर केले, पण प्रतिनिधिगृहाने ते पुढे नेले नाही. तसा कायदा आजही नाही.

मतदानाचा प्रश्न सर्वांत कळीचा. 1787 मध्ये घटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फिया परिषदेत एका राज्याला एक मत होते. तोच पायंडा धरला तर सुमारे 3.9 कोटी लोकसंख्येचे कॅलिफोर्निया आणि 6 लाखांहून कमी लोकांचे वायोमिंग सारख्याच वजनाचे होतील. सर्वांत लहान 26 राज्यांत देशाची पाचव्या हिश्शाहून कमी लोकसंख्या राहते, आणि बहुमत त्यांचे. मोठी राज्ये लोकसंख्येच्या प्रमाणात मते मागणार हे उघड आहे. हे भांडण मूळ विषयाला हात लावण्याआधीच पेटेल.

परिषद भरकटण्याची भीतीही फिलाडेल्फियातूनच येते. तिथे प्रतिनिधी तेरा राज्यांना बांधणाऱ्या, घटनेआधीच्या जुन्या संघ-करारात सुधारणा करायला जमले आणि नवी घटना लिहून उठले. जुन्या करारात बदलाला तेराही राज्यांची संमती हवी होती, त्यांनी नऊवर भागवले. आज मान्यतेची अट परिषदेला स्वतःहून सैल करता येणार नाही असे बहुतेक अभ्यासक मानतात. ठरलेल्या विषयाबाहेर जाता येईल का, यावर मात्र मतभेद आहेत. इंडियानासारख्या राज्यांनी प्रतिनिधींना विषयाशी बांधून ठेवणारे कायदे केले आहेत. पण दुसऱ्या राज्याचा प्रतिनिधी बहकला तर आपल्या राज्याचा कायदा काय करणार? आणि न्यायालय हस्तक्षेप करेलच असेही नाही: 1939 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या मान्यतेशी निगडित प्रश्न राजकीय ठरवून काँग्रेसवर सोडले होते.

न भरलेल्या परिषदेचा उपयोग

परिषदेने आजवर जे साधले ते धाकाने. सिनेटर थेट जनतेने निवडावेत या मागणीला सिनेट वर्षानुवर्षे दाद देत नव्हती. राज्यांचे ठराव आवश्यक संख्येच्या जवळ येऊ लागले तेव्हा काँग्रेसने 1912 मध्ये स्वतःच मसुदा पाठवला आणि 1913 मध्ये 17वी दुरुस्ती लागू झाली. संतुलित अर्थसंकल्पासाठी परिषद मागणारी मोहीम 1983 मध्ये 32 राज्यांपर्यंत पोहोचली, मग थबकली. 1988 पासून राज्ये आपले ठराव मागे घेऊ लागली. आमच्या मते एका विषयाचा नेमका ठराव सर्वांत उपयोगी पडतो तो असा, दबाव म्हणून. प्रत्यक्ष परिषद भरवायची असेल तर आधी नियम ठरायला हवेत.

ठराव हातात आल्यावर

सगळे ठराव एका मापाचे नसतात. 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘कन्व्हेन्शन ऑफ स्टेट्स’ मोहिमेच्या ठरावात तीन गोष्टी आहेत: केंद्राच्या खर्चावर बंधने, केंद्राची सत्ता व अधिकारक्षेत्र मर्यादित करणे, आणि मुदतमर्यादा. 2022 पर्यंत 19 राज्यांनी तो मंजूर केला. यातली मधली बाब इतकी रुंद आहे की पर्यावरणापासून आरोग्यविम्यापर्यंत जवळजवळ काहीही तिच्यात बसवता येईल. उलट बाजूला कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये बंदूक-नियंत्रणासाठी परिषद मागितली. तिथे ठरावात मुद्दे मोजून दिलेले आहेत. म्हणजे हे हत्यार एकाच पक्षाचे नाही. विरोधही दोन्हीकडून होतो: डावीकडची संघटना ‘कॉमन कॉज’ आणि उजवीकडची ‘जॉन बर्च सोसायटी’ याबाबतीत एका बाजूला आहेत.

मजकूर वाचताना आधी ‘फक्त या विषयापुरती’ अशी मर्यादा आहे का ते पाहा. मग 34 मोजताना इतर राज्यांचे कोणते ठराव सोबत धरायचे याबद्दल काही लिहिले आहे का ते तपासा. हे कलम नसेल तर वेगळ्याच हेतूने केलेले ठराव बेरजेत धरले जाऊ शकतात. अर्थसंकल्पाच्या मोहिमेतले काही जण न्यूयॉर्कचा 1789 चा विषय न सांगणारा ठरावही मोजतात! ठरावाला मुदत नसेल तर ती घालायला सांगा. आमदाराला लिहायचे तर ठराव समितीत असतानाच लिहा, सभागृहात मतदानाला आल्यावर शब्द बदलणे अवघड जाते. आणि नव्या ठरावावर मत बनवण्याआधी राज्याचे जुने ठराव शोधा. कित्येक दशकांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी केलेला एखादा ठराव मागे घेतलेला नसेल, तर त्या विषयाच्या मोजणीत आपले राज्य आधीच उभे असते.