फॅमिली लिंक: तिसरीतल्या पोरीच्या फोनसाठी घेतलं, कसं आहे?

सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढलाय ते मला पोरीच्या हातात फोन का दिला असं विचारणार नाहीत. दुपारी बारा ते पाच बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, आणि मी लग्नसराईचे ब्लाऊज घेऊन मशीनवर. शेवटी माझा जुना फोन सिम काढून, नुसत्या वायफायवर तिला दिला आणि त्यात गूगलचं फॅमिली लिंक घातलं.

ॲप फुकट आहे. १३ वर्षांखालच्या मुलाचं वेगळं गूगल खातं काढून आपल्या खात्याला जोडायचं, की फोन किती वेळ चालवायचा, रात्री कधी बंद व्हायचा, कुठलं ॲप उघडायचं, सगळं आपल्या फोनवरून ठरतं. बसवायला मात्र निवांत वेळ काढा. नळाला पाणी यायच्या दिवशी तर हातच लावू नका.

वेळेचं कुलूप चोख आहे. वेळ संपली की फोन बंद, आणि रडारड माझ्याशी नाही, फोनशी होते. पण जादा वेळ द्यायचं बटणही माझ्याच फोनवर असतं. मी गिऱ्हाइकाचं माप घेत असले की सासूबाई गुपचूप अर्धा तास वाढवून देतात. त्याला गूगल तरी काय करणार!

मला खरं आवडलं ते वेगळंच. पोरीनं एखादं ॲप मागितलं की परवानगीची विनंती माझ्या फोनवर येते. पहिल्यांदा मी नुसतं 'नाही' दाबायची. मग एकदा सुई बाजूला ठेवून तिला जवळ बसवलं.

"ह्यात काय करायचं असतं?"

"घर बांधायचं."

"आणि त्या घरात कोण कोण येतं?"

ते तिला माहीत नव्हतं. मग दोघींनी प्ले स्टोअरचं पान खाली सरकवत वाचलं. वयाचा आकडा, ॲपमध्ये पैशाची खरेदी आहे का, खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात का, हे सगळं तिथं दिलेलं असतं. आता ती मागायच्या आधी स्वतःच बघून येते आणि वकिलासारखी बाजू मांडते: "आई, ह्यात कुणी बोलत नाही, पैसेपण नाहीत, दे ना."

पुढं जुळे सोलापूरला आत्याकडं गेली असताना भावाच्या फोनवर खेळत होती. खेळात कुणीतरी नाव विचारलं, तिनं सांगून टाकलं. शाळा कुठली म्हटल्यावर मात्र फोन उचलून थेट आत्यापुढं धरला. त्या फोनवर फॅमिली लिंक नव्हतंच.

उणं काय ते पण सांगते. दुसऱ्या ॲपच्या आत काय चाललंय, कोण काय लिहितंय, हे फॅमिली लिंक दाखवत नाही. क्रोम ह्या ब्राउझरची घाण गाळायची चाळणी शंभर टक्के नाही, हे गूगलही सांगतं. म्हणून लहान पोरांना 'फक्त मंजूर साइट' हाच पर्याय लावा. यूट्यूब किड्समध्ये शोधायची सोय बंद करता येते, ती आधी बंद करा.

आणि मोठी अडचण अशी की हे ॲप पोराचा फोन वेगळा आहे असं धरून चालतं. साखर पेठेत, अशोक चौकात किती घरी तसं असतं? एकच फोन, सकाळी बापाकडं, दुपारी पोरांकडं, आणि त्यातच बँक. तिथं फॅमिली लिंकच्या नादी लागू नका. सेटिंगमध्ये ॲप पिन करायची सोय शोधा. पोराला दिलेलं ॲप पडद्यावर अडकून राहतं. तिथंच 'सोडवताना पिन विचारा' हा पर्यायही चालू करा, मग फोनच्या कुलपाचा आकडा घातल्याशिवाय दुसरीकडं जाता येत नाही. प्ले स्टोअरच्या खरेदीलाही पासवर्ड लावा. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, हे पोरांना पाढ्यासारखं पाठ करून घ्या. तरी पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावायचा. पोराला कुणी त्रास देत असेल तर १०९८. दोन्ही नंबर मी मशीनच्या पाटीवर खडूनं लिहून ठेवलेत.

वेगळा फोन असेल तर पाचापैकी चार. एकच फोन असेल तर दीड.