वाटी, तळहात की थेट गाल? ब्रश-साबणाच्या दाढीचा वर्षभराचा अनुभव

कॅनमधला फोम सोडून ब्रश आणि साबणावर आलो त्याला आता वर्ष होत आलं. या काळात फेस काढायच्या सगळ्या पद्धती आलटून पालटून वापरल्या, साबण वेगवेगळे वापरले, ब्रश दोन जातींचे, आणि पाणीसुद्धा दोन प्रकारचं. माझं मत आधीच सांगतो. रोजच्या दाढीला थेट गालावर फेस काढण्यासारखं सुख नाही, पण ते सगळ्यांच्या त्वचेला मानवेल असं नाही.

आधी वाटी. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी कारण काय चाललंय ते डोळ्यांसमोर दिसतं. ब्रश भिजवून झटकायचा आणि साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट तरी गोल फिरवायचा, सुरुवातीला मोठे मोठे बुडबुडे येतात ते येऊ द्यायचे, फिरवत राहिलं की ते जातात आणि ब्रशच्या टोकांना घट्ट चिकट लगदा जमतो, मग वाटी घ्यायची. पाणी बोटांनी थेंब थेंब टाकायचं. आधी फेस कोरडा, निस्तेज दिसतो आणि ब्रश जड फिरतो. पाणी मुरत गेलं की त्यावर चकाकी येते, बुडबुडे दिसेनासे होतात. चकाकी आल्यावरही दोन-चार थेंब अजून घालावेत आणि मग थोडा फेस बोट आणि अंगठ्यात चोळून बघावा, मधे काही नाहीच असं वाटण्याइतका सरकला की झालं. फेस किती फुगला हे बघूच नका. ब्लेड सरकतं ते साबण आणि पाण्यामुळे, हवेमुळे नाही, आणि ब्रशवर साबण कमी आला असेल तर नंतर कितीही घोटा, भरपूर फुगलेला पण पोकळ फेसच मिळतो.

स्टीलची वाटी मात्र नको. साबणाच्या हातातून निसटते आणि थंडीत फेस लगेच गार होतो. आतून खाचा असलेला सिरॅमिकचा रुंद बोल बेस्ट, तो आधी गरम पाण्यात ठेवला तर उलट्या हाताच्या, म्हणजे केसांच्या उलट दिशेने ब्लेड फिरवायच्या वेळेसही फेस कोमट मिळतो. डिसेंबर-जानेवारीत मी वाटीच वापरतो.

तळहाताची पद्धत म्हणजे डाव्या हाताचा खोलगा करून त्यात ब्रश फिरवायचा. फेस कितपत ओला झालाय ते हाताला बरोबर कळतं, प्रवासात भांडं न्यायला नको, इतकंच. पाणी कोपरापर्यंत ओघळतं आणि अर्धा फेस बोटांतून खाली जातो. घरी कशाला करायचं हे.

आता गाल. दाढीचे केस पाणी पितात आणि दोन-तीन मिनिटं भिजले की बरेच मऊ पडतात, कापायला जोर कमी लागतो. वाटीत फेस काढताना ही मिनिटं वाटीवर खर्च होतात, गालावर काढताना तीच मिनिटं केसांना मिळतात. शिवाय ब्रश गोल गोल फिरला की आडवे पडलेले केस उभे राहतात, हनुवटीखाली आणि जबड्याच्या कोपऱ्यात तर हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. गोल फिरवून फेस जमला की शेवटी रंग मारतात तसे आडवे हात मारून सारखा करायचा. सलूनमध्ये हेच तर करतात, क्रीमचे ठिपके लावायचे आणि ब्रश चालू. यातही मला सगळ्यात आवडली ती शेव्हिंग स्टिक, ओल्या गालावर केसांच्या उलट्या दिशेने घासली की खुंट किसणीसारखे तिला खरवडतात आणि हवा तेवढा साबण जागेवरच मिळतो. ज्यांना पिंपल्स आहेत किंवा त्वचा लगेच लाल होते त्यांनी मात्र वाटीतच फेस काढून हलक्या हाताने लावावा, उगाच चोळू नका.

पाण्याबद्दल कुणी बोलत नाही आणि निम्मा खेळ त्याचाच आहे. आमच्याकडे पुण्यात एरवी धरणाचं पाणी येतं, उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते आणि तो बोअरचा असतो. तोच साबण, तोच ब्रश, पण टँकरच्या पाण्यात फेस धरतच नाही आणि बेसिनला पांढरा राप बसतो. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला पकडून न विरघळणारी साय करतात, म्हणजे तुमचा साबण फेस व्हायच्या आधीच खर्ची पडतो. उपाय सोपा आहे, आरओचं एक कपभर पाणी घ्या, ब्रश त्यातच भिजवा आणि नंतरचे थेंबही त्यातलेच. साबण घेताना लेबलवर ईडीटीए दिसतंय का बघा, ते हे क्षार बांधून ठेवतं. आणि अंघोळीच्या साबणाने काम भागवू नका, तो सोडियमचा असतो आणि त्याचा फेस लगेच बसतो, दाढीच्या साबणात पोटॅशियम आणि स्टिअरिक अ‍ॅसिड जास्त असल्यामुळे तो दाट राहतो आणि टिकतो. मला प्रोरासोचा हिरव्या डब्यातला मऊ साबण फार आवडला, निलगिरी आणि मेंथॉलमुळे उन्हाळ्यात गाल गार पडतात आणि फेस पटकन येतो. कडक वड्यांना वेळ लागतो, त्यांच्यावर कोमट पाणी ओतून तुम्ही तोंड धुवून येईपर्यंत ठेवा, वरचा थर मऊ होतो. जुन्या धाटणीच्या बऱ्याच युरोपियन साबणांत टॅलो म्हणजे जनावराची चरबी असते, चालत नसेल तर वाचून घ्या.

ब्रशमध्ये बोअर म्हणजे डुकराच्या केसांचा, आधी भिजत ठेवावा लागतो आणि नवा असताना वास येतो, पण वापरून टोकं फुटली की इतका मऊ होतो आणि मधला कणा तरी टणक राहतो, गालावर फेस काढायला हाच. नको असेल तर सिंथेटिक घ्या, त्याचे धागे पाणी शोषत नाहीत, भिजवायची भानगड नाही, पटकन वाळतो आणि सगळा फेस बाहेर सोडतो. ऑफिसच्या घाईत मी तोच उचलतो. पावसाळ्यात मात्र दोन्ही ब्रश बाथरूमच्या बाहेर, खिडकीपाशी वारा लागेल असे ठेवतो आणि साबणाच्या डब्याचं झाकण दुपारपर्यंत उघडंच, नाहीतर जुलैत बोअरला कुबट वास धरतो आणि तो साबणाने धुवूनही लवकर जात नाही.