‘द डाउनवर्ड स्पायरल’: नऊ महिने ऐकल्यावर

मिक्सर घेतला की आठ दिवसांत आपण पाच तारे देऊन मोकळे होतो. सहाव्या महिन्यात भांड्याचं रबर सुटतं, तेव्हा लिहायला परत कोणी येत नाही. हे लिखाण त्या सहाव्या महिन्यानंतरचं आहे, फक्त वस्तू मिक्सर नाही. ‘नाइन इंच नेल्स’ या अमेरिकन इंडस्ट्रियल रॉक बँडचा, म्हणजे यंत्रांचे आवाज आणि गोंगाट यांतून संगीत करणाऱ्यांचा, १९९४चा अल्बम आहे. गेल्या जुलैपासून तो माझ्या फोनमध्ये आहे आणि माझ्यापेक्षा माझ्या आजूबाजूच्या लोकांनीच तो जास्त सोसलाय.

मी तिथे पोचले ती भलत्याच वाटेनं. भाच्याबरोबर ‘सोल’ हा ॲनिमेशनपट पाहत होते. त्यातलं जॅझ जॉन बॅटिस्टचं. पण त्या परलोकातलं तरंगणारं, हलकं, निळसर संगीत कोणाचं म्हणून शोधलं, तर ट्रेंट रेझनर आणि ॲटिकस रॉस. त्या कामासाठी या तिघांना ऑस्करही मिळालं. रेझनर पूर्वी काय करायचा म्हणून मागे मागे गेले आणि थेट या विहिरीत पडले. त्या काळात नाइन इंच नेल्स म्हणजे बँड कमी आणि एकटा रेझनरच जास्त. सोबतीला निर्माता म्हणून फ्लड, मिक्सिंगला ॲलन मोल्डर आणि मोजके वादक.

पहिला अनुभव डोंबिवली-ठाणे फास्ट लोकलमधला. सुरुवातीलाच कोणीतरी कोणाला तरी बडवतंय असा आवाज येतो (तो ‘टीएचएक्स ११३८’ या सिनेमातून उचललेला आहे, हे नंतर कळलं) आणि मग पत्र्याच्या छपरावर गारा कोसळाव्यात तसं गाणं अंगावर येतं. मी इअरफोन काढला. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, “फोन बिघडला का हो?” मी हो म्हटलं.

इथे पहिली सूचना: हा अल्बम ट्रेनमध्ये ऐकू नका. मोठा आवाज ऐकू येत नाही म्हणून नव्हे, तो कुठेही ऐकू येतो. हळू आवाज गाडीच्या खडखडाटात बुडतो, आणि या अल्बमचा निम्मा जीव त्या हळू आवाजात आहे. पहिलं गाणं शेवटी नुसत्या गोंगाटाचं चक्र होऊन फिरत राहतं आणि कुणी वायर उपटावी तसं तुटतं. लगेच दुसरं, ‘पिगी’, जवळजवळ कुजबुजत सुरू होतं. लोकलमध्ये मला वाटायचं, मध्ये पंधरावीस सेकंद काहीच नाही. तिथेच तर तो माणूस कानाशी येऊन बोलत असतो.

दुसरी सूचनाही आत्ताच देऊन टाकते. शफल बंद करा. मी जे ॲप वापरते ते दोन गाण्यांच्या मध्ये किंचित श्वास घ्यायचं, त्यामुळे पहिले दोन महिने सगळे सांधे मला चुकीचे ऐकू आले. सेटिंगमध्ये ते बंद करायची सोय होती. सापडली सप्टेंबरमध्ये. चौदा गाणी, पासष्ट मिनिटं, आणि एक माणूस पायरी पायरीनं खाली उतरत जातो अशी सलग गोष्ट आहे ती. देव, शरीर, यंत्र, नशा, सगळ्यांशी त्याचं एकेक करून बिनसतं. नावातच घसरणीचा गोल जिना आहे. मधूनच एखादं गाणं उचललं तर ते शिवी दिल्यासारखं वाटतं. ओळीनं ऐकलं तर शिवी कोणाला आहे ते कळतं. बहुतेक वेळा स्वतःलाच.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या, कॅप, ब्रिज. दिवसभर मायक्रोमोटरची सुई, सक्शनचा घुमारा, प्लास्टर ट्रिमरची करकर. कदाचित म्हणूनच हे संगीत मला परकं वाटायचं लवकर थांबलं. ‘रेप्टाइल’ नावाचं गाणं आहे, जवळजवळ सात मिनिटांचं. त्याचा ठेका कुठल्याशा यंत्राच्या खटक्यांवर चालतो. ते मी लॅबमध्ये पहिल्यांदा लावलं, तेव्हा पॉलिशिंगला बसणाऱ्या पोरानं हातातलं मशीन बंद करून पाहिलं. आवाज चालूच. मग स्पीकरकडे बघून म्हणाला, “हे गाणंय?” त्याला ते आवडलं. आता त्याच्या फोनवर आहे, पण तो फक्त तेवढंच ऐकतो, बाकीचं त्याला रडकं वाटतं.

गिटारचं इथे काय केलंय ते वाचल्यावर मला आमचंच काम आठवलं. वाजवलेली गिटार कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, कापायची, घासायची, वाकवायची, आणि शेवटी ती गिटार आहे हे कोणाच्या लक्षात येऊ नये इथपर्यंत न्यायची. आम्ही उलटं करतो, खोटं खरं दिसेपर्यंत घासतो. कौशल्य तेच.

आता घरच्यांकडे वळते, कारण खरा उजेड तिथे पडला.

दादा लहानपणी तबला शिकला, आता फक्त गणपतीत हात लावतो. त्याला ‘मार्च ऑफ द पिग्ज’ ऐकवलं. चिडून ऐकत होता, पण बोटं मांडीवर चालू झाली. “सात… सात… सात… अरे, फसवलं!” परत सुरुवातीपासून. तीन वेळा सात आणि चौथ्यांदा आठ. सात मात्रांच्या रूपक तालाची तीन आवर्तनं जीव खाऊन पळवायची आणि चौथ्यात एक मात्रा गुपचूप वाढवायची. म्हणून ऐकणाऱ्याला सारखं ठेच लागल्यासारखं होतं. पाय टेकतोय तोवर जमीन सरकलेली. आणि मग हे सगळं अचानक थांबतं. पियानोवर दोनचार सुरेल, अगदी शाळेच्या स्नेहसंमेलनातल्यासारखे स्वर येतात. दादा हसला. म्हणाला, “मारून झाल्यावर पाणी विचारतोय.” त्यानंतर त्याने सगळा अल्बम ऐकला नाही, ऐकणारही नाही, पण ते एक गाणं तो महिनाभर मोजत होता.

आई हार्मोनियम शिकवते. तिच्या कानावर मुद्दाम काही घातलं नव्हतं. उलट ‘क्लोजर’ तिच्या कानावर जाऊ नये म्हणून मी फार जपले, कारण त्याच्या ध्रुवपदातला एक शब्द कळायला इंग्रजी एम.ए. लागत नाही. एकदा ब्लूटूथ स्वयंपाकघरातल्या स्पीकरला आपोआप जोडलं गेलं आणि मी बेसिनवरून ओल्या हातांनी धावले. आई शांतपणे पोळ्या लाटत होती. “ठेका छान आहे,” एवढंच म्हणाली. आहेच. त्यातल्या मोठ्या ढोलासारख्या ठोक्याचा मूळ नमुना रॉक गायक इगी पॉपच्या ‘नाइटक्लबिंग’ या गाण्यातून घेतलाय. जगभर लोक त्या गाण्यावर नाचले, शृंगारगीत म्हणून. मी पंधराव्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यात प्रेम सोडाच, दुसरं माणूसही सापडलं नाही. स्वतःचा वीट आलेला माणूस स्वतःला विसरायला काहीतरी धरू बघतोय, एवढंच. शेवटी शब्द संपतात आणि थर चढत चढत पियानोवर एक अवरोही सुरावट उतरते. पुढे कितीतरी गाण्यांनंतर शीर्षकगीतात तीच परत येते. ती ओळख मला डिसेंबरमध्ये पटली. रस्त्यात शाळेतलं कोणी दिसावं आणि नाव घरी आल्यावर आठवावं, तशी.

आईची खरी गंमत शेवटच्या गाण्यावर झाली, ‘हर्ट’वर. हे गाणं जॉनी कॅश या जुन्या अमेरिकन कंट्री गायकानं २००२मध्ये गायलं आणि त्यानंतर ते जणू त्याचंच झालं. रेझनर स्वतःही असंच काहीसं म्हणाला होता. मीही आधी कॅशचंच ऐकलं होतं. म्हातारा, थकलेला, खोल आवाज, साधी गिटार, सगळं सुरात. म्हणून मूळ गाणं ऐकल्यावर मला वाटलं गिटार बेसूर लागलीये. आईला विचारलं. तिने पेटी ओढली, पांढरी सात या पट्टीचा सा धरला, दोनदा ऐकलं आणि एक पट्टी दाबून ठेवली. “हा तीव्र मध्यम आहे. बेसूर नाही, मुद्दाम बसवलाय.” मग तिने यमनमधला तीव्र मध्यम वाजवून दाखवला, पंचमाकडे हात पसरून जाणारा. “तिथे त्याला घर आहे. इथे पंचम शेजारीच उभाय आणि हा त्याच्याकडे जातच नाही. नुसता टोचत बसलाय.” कॅशच्या गाण्यात ती टोचणी नाही. कॅशनं एक शब्दही बदलला, मूळ शिवीच्या जागी काट्यांचा मुकुट ठेवला. श्रद्धाळू माणसाचं गाणं झालं ते, आयुष्याचा हिशेब मांडणारं. मूळ गाण्यात हिशेब मांडायला कोणी उरलंय की नाही, हीच शंका आहे. दोन्हींपैकी चांगलं कुठलं, यावर लोक भांडतात. आई म्हणाली, “त्या म्हाताऱ्याचं मी रोज ऐकेन, याचं एकदाच.” मला हा निकाल मान्य आहे, पण मी मूळचं जास्त वेळा ऐकते. (जाता जाता: ‘क्लोजर’चा व्हिडिओ आणि कॅशच्या ‘हर्ट’चा व्हिडिओ, दोन्ही मार्क रोमानेक या एकाच दिग्दर्शकाचे.)

नावडलेलंही सांगायला हवं. ‘बिग मॅन विथ अ गन’ मी आता सरळ पुढे ढकलते. दीड मिनिटाचंच आहे. पुरुषी मस्तीची टर उडवायचा हेतू असेलही, पण टर आणि मस्ती यांतला फरक कानाला कळत नसेल तर दोष कानाचा नाही. ‘हेरेसी’ जोरात आहे, एवढंच. ‘रुइनर’ माझ्या डोक्यात अजून बसलेलं नाही.

आणि ते घर. अल्बमचं बरंच काम लॉस एंजेलिसमधल्या सिएलो ड्राइव्हवरच्या घरात झालं, जिथे १९६९ साली चार्ल्स मॅन्सन या पंथप्रमुखाच्या टोळीनं अभिनेत्री शॅरन टेट आणि इतरांचे खून केले. रेझनरनं तिथे स्टुडिओ थाटला आणि त्याला नाव दिलं ‘ले पिग’, खुन्यांनी दारावर रक्तानं लिहिलेल्या शब्दावरून. हे वाचल्यावर मी आठवडाभर अल्बम लावला नाही. सव्वीस वर्षांची गरोदर बाई होती ती. पुढे तिची बहीण रेझनरला भेटली, माझ्या बहिणीच्या मरणाचा वापर करतोयस का असं तिने विचारलं, आणि आपण केवढा बालिशपणा केला ते तेव्हा आपल्याला कळलं, असं त्यानं नंतर मुलाखतीत सांगितलं. घर १९९४मध्येच पाडलं गेलं. जाताना त्याने दार मात्र सोबत नेलं होतं. हे दार मला अजून पचलेलं नाही. संगीत चांगलं आहे म्हणून ते पचवायला हवं, असंही मला वाटत नाही.

‘द डाउनवर्ड स्पायरल’ आला त्याच दिवशी, ८ मार्च १९९४ला, साउंडगार्डन या रॉक बँडचा ‘सुपरअननोन’ही बाजारात आला. तो अमेरिकेच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पहिला आला, हा दुसरा. इतका कडवट अल्बम दुसऱ्या क्रमांकावर यावा, याचं मला आधी नवल वाटायचं. आता वाटत नाही. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीच्या ‘लो’ या अल्बमचा रेझनरवर मोठा परिणाम होता आणि १९९५मध्ये तोच बोवी त्याच्याबरोबर दौऱ्यावर गेला, मंचावर दोघांनी ‘हर्ट’ एकत्र गायलं. ऐकणाऱ्यांत बोवी आणि कॅश असतील, तर आमच्या लॅबच्या पोराचं ‘हे गाणंय?’ जरा कमी गंभीरपणे घेता येतं. किंवा जास्त.

एक गोष्ट हसण्यावारी न नेता लिहिते. शीर्षकगीतात माणूस स्वतःला संपवायला जातो, आणि ते आडून सांगितलेलं नाही. ऑक्टोबरमध्ये माझे काका गेले, तेव्हा मी तीन आठवडे याला हात लावला नाही आणि ते बरं झालं. ज्याचं मन आधीच खाली घसरतंय त्यानं हे एकट्यानं, रात्री, हेडफोन लावून ऐकू नये. ओळखीच्या कुणाला ऐकवायचं असेल तर त्याचं सध्या कसं चाललंय ते आधी विचारा.

तारे द्यायचेच तर चार. पाचवा त्या दाराने खाल्ला.

आता रोजच्या वापरातलं सांगते. सगळा अल्बम महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, घरात कोणी नसताना. बाकी दिवस तुकडे. सगळ्यात जास्त वाजतं ते दहावं, ‘अ वॉर्म प्लेस’. शब्द नाहीत, ठेका नाही, तीन मिनिटं बावीस सेकंद. एवढ्या आरडाओरड्यामध्ये कुणीतरी अंगावर गोधडी टाकावी तसं येतं. बोवीच्या ‘क्रिस्टल जपान’शी त्याचं फार साम्य आहे, ते लक्षात आल्यावर रेझनरलाही ओशाळल्यासारखं झालं म्हणे. असू दे. लॅबमध्ये मेणकाम करणारे एक वयस्कर सहकारी आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात; ते जुन्या हिंदी गाण्यांपलीकडे काही लावू देत नाहीत, पण चार वाजता चहा आला की म्हणतात, “ताई, ते शांतवालं लावा.” मी लावते. ते संपतं आणि लगेच ‘इरेझर’ सुरू होतं, ज्याच्या सुरुवातीला कुठूनतरी हवा सुटल्यासारखा आवाज आहे. काका दर वेळी कप खाली ठेवतात आणि म्हणतात, “कॉम्प्रेसर गळतोय वाटतं, बघा जरा.”