इतिहास शिक्षकांसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण : नागपुरातील एका कार्यशाळेविषयी

दिवाळीच्या सुट्टीत नागपुरात एका स्वयंसेवी संस्थेने माध्यमिक शाळांतील इतिहास शिक्षकांसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतले. इतिहासाच्या तासिकेतून मुलांच्या मनातील पूर्वग्रहांना कसा हात घालावा आणि नागरिक म्हणून आपली जबाबदारी काय, हे कसे उलगडावे, असा त्याचा विषय होता. शुल्क 1500 रुपये, दुपारचे जेवण त्यातच. शुल्क स्वतःच्या खिशातून भरले असल्यामुळे मोकळेपणाने लिहीत आहे. प्रशिक्षणाचा निम्मा भाग उत्तम होता, उरलेला निम्मा नसता तरी चालले असते, आणि उत्तम ठरला तो सगळा नागपूरच्याच मातीतला होता.

कार्यशाळेची आखणी ज्या पद्धतीवर बेतलेली होती, ती अमेरिकेतली. बोस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथे 1976 साली शाळेत शिकवणाऱ्या दोन शिक्षकांनी ‘फेसिंग हिस्टरी अँड अवरसेल्व्ज’ हा उपक्रम सुरू केला. नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या संहाराचा इतिहास शिकवताना मुलाने आधी स्वतःकडे, आपण कोणाला ‘आपले’ म्हणतो याकडे पाहावे, मग त्या काळातल्या माणसांनी घेतलेले निर्णय तपासावेत आणि शेवटी आपल्या आजकडे यावे, असा त्याचा क्रम आहे. हा क्रम मला पटतो, कारण आपल्याकडे नेमके उलटे घडते : धडा संपला की शेवटच्या पाच मिनिटांत ‘म्हणून आपण भेदभाव करू नये’ असे सांगून मोकळे व्हायचे.

पहिल्या दिवशी सकाळी प्रशिक्षकांनी एकच प्रश्न फळ्यावर लिहिला : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेसाठी नागपूरच का निवडले? आम्ही तिथे चाळीसेक शिक्षक होतो आणि बहुतेकांचे घरही याच शहरात. निम्म्याहून अधिक जणांनी चिठ्ठीवर लिहिले की राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय इथे आहे म्हणून. त्यानंतर दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या, म्हणजे 15 ऑक्टोबरच्या, बाबासाहेबांच्या भाषणातील उतारा वाटण्यात आला. त्यात त्यांनी हे कारण स्पष्टपणे नाकारले आहे आणि बुद्धाच्या धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा या भूमीशी असलेला संबंध सांगितला आहे. ज्या शहरात आपण वर्षानुवर्षे हा विषय शिकवतो, तिथे मूळ भाषण न वाचता ऐकीव कारण पुढे देत राहिलो, याची खंत उतारा वाचून झाल्यावर अनेकांच्या चेहऱ्यावर दिसत होती. पूर्वग्रह म्हणजे काय, याची व्याख्या त्या सत्रात कोणी सांगितली नाही आणि त्याची गरजही भासली नाही.

दुसऱ्या दिवसाचे जाईबाई चौधरी यांच्यावरचे सत्र तर एकट्यानेच शुल्क वसूल करणारे होते. हमाली करून पोट भरणाऱ्या या महार मुलीला ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या मदतीने शिक्षण मिळाले आणि शिक्षिकेची नोकरीही लागली, पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी विरोध केला. पुढे जाईबाईंनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. आम्हाला गटांत विभागून पालक, सहशिक्षिका आणि शाळाप्रमुख अशा भूमिका देण्यात आल्या आणि त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला असता, ते लिहायला सांगितले. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सरांनी शाळाप्रमुखाच्या वतीने लिहिले : ‘शाळा चालवायची असेल तर पालकांच्या विरोधात जाता येत नाही.’ प्रशिक्षक बाईंनी नाव न घेता ते वाक्य मोठ्याने वाचले आणि विचारले, ‘हे वाक्य आपण शेवटचे कधी उच्चारले?’ बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘जूनमध्ये. तुकड्या पाडताना.’ मला माझाच वर्ग आठवला. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की ‘एससीची मुले उभी राहा’ असे मी वर्गात सर्वांसमोर म्हणत आले आहे आणि त्यात काही गैर आहे, असे मला कधी वाटले नव्हते.

याच्या पुढे मात्र घसरण सुरू झाली. दुपारचे जर्मनीवरील सत्र छळछावण्यांच्या छायाचित्रांनीच भरलेले होते. अशी छायाचित्रे पाहून आठवीतली मुले घाबरतात आणि ‘तिकडची माणसे वाईट होती’ असे म्हणून निश्चिंतही होतात. खरे तर 7 एप्रिल 1933 च्या कायद्याने ज्यू आणि राजकीय विरोधक सरकारी कर्मचाऱ्यांना, त्यात शिक्षकांनाही, नोकरीवरून दूर करण्याची वाट मोकळी झाली होती. इकडे पालकांचा दबाव, तिकडे कायदा, आणि दोन्हीकडे शेजारच्या वर्गावरचे सहकारी काय करत होते, हा प्रश्न सकाळच्या सत्राला थेट जोडता आला असता. तो कोणी जोडला नाही. सोबत दिलेली पुस्तिकाही इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून भाषांतरित केलेली, इतकी की काही वाक्ये दोनदा वाचूनही अर्थ हाती लागला नाही.

नागरी जबाबदारीचे सत्र सर्वांत निराशाजनक. संविधानातील अनुच्छेद 51-क मधील अकरा मूलभूत कर्तव्ये पडद्यावर दाखवून एकेकाला वाचायला लावली. ती तर पाठ्यपुस्तकातही आहेत. त्याऐवजी नागपूरचेच उदाहरण घेता आले असते. 1923 साली सिव्हिल लाइन्सकडे राष्ट्रीय ध्वज नेण्यास बंदी असताना तुकड्यातुकड्यांनी स्वयंसेवक निघाले, पकडले गेले, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या प्रांतांतून नवे लोक आले, तो झेंडा सत्याग्रह याच रस्त्यांवर झाला. आपले मूल ज्या चौकातून रोज शाळेत जाते, तिथे कोणीतरी अन्यायी हुकूम जाणूनबुजून, शांतपणे मोडला होता, यापेक्षा ठळक उदाहरण कुठे शोधायचे? दीक्षाभूमीची भेटही चाळीस मिनिटांत उरकली, त्यातली पंधरा गटाच्या छायाचित्रात गेली.

दहावीला इतिहास व राज्यशास्त्र मिळून 40 गुणांची प्रश्नपत्रिका असते, आणि चाचण्या, सराव परीक्षा व शाळाबाह्य कामे यांच्या मधल्या फटीत हे सगळे कसे बसवायचे, यावर तीन दिवसांत एक शब्दही झाला नाही. वास्तविक दहावीच्याच इतिहासाच्या पुस्तकात ‘उपयोजित इतिहास’ हे प्रकरण आहे. पंधरा ऑक्टोबरच्या भाषणाचा उतारा तिथे सहज बसतो, मी तसे पाठाचे टाचण काढून पाहिले आहे.

जायचे असेल तर आपल्याच शाळेतल्या आणखी एका सहकाऱ्याला घेऊन जावे. एकटे परतल्यास शिक्षक कक्षात हे बोलायला कोणी उरत नाही. उताऱ्यांच्या प्रती शेवटच्या दिवशीच मागून घ्याव्यात, कारण ‘मेलवर पाठवतो’ असे सांगितले जाते आणि मला त्या अजून मिळालेल्या नाहीत. जेवण चांगले होते. शिष्यवृत्तीचे अर्ज यंदा मी मुलांना एकेकट्याने कार्यालयात बोलावून भरून घेतले. त्याला नेहमीपेक्षा दोन ऑफ (मोकळे) तास जास्त लागले.