आजारपणाची रजा आणि आमचे शिफ्ट इन्चार्ज : चार स्टार

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत मी रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर आहे. श्रावणात कावीळ झाली, तेवीस दिवस घरी. त्या दिवसांतल्या आमच्या इन्चार्ज साहेबांचा हा रिव्ह्यू.

साहेबांचा फोन फक्त रविवारी, तोही ड्युटीचं नाव न काढता. "तब्येत पाहा भाऊ, फ्रेम काही पयून जात नाई." आधीच्या ठिकाणी सलाईन चालू असताना "कधी येता?" म्हणून चार फोन आले होते!

खरी मदत कागदांची. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या डॉक्टरचा दाखला असला तर 70 टक्के मजुरी मिळते, वर्षात 91 दिवसांपर्यंत, हे मला ठाऊकच नव्हतं. पहिले दोन दिवस मात्र कोरडे. ही मजुरी मिळायला सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. साहेबांनी हजेरीपट काढून, बोटानं एकेक रकाना मोजून दाखवला. परतल्यावर पंधरा दिवस रात्रपाळी दिली नाही.

एक स्टार कापला तो बदली माणूस न दिल्याबद्दल. बाजूच्या पोरीनं माझी फ्रेमही एकटीनं ओढली. मी आलो तर तिनं तोंड फिरवलं. तिचं तरी काय चुकलं?