घरामागची बाग की कवडी पाट?

गुडघ्यांनी साथ सोडल्यावर पक्षी बघायला जायचं कुठे? माझ्यापुरती दोनच ठिकाणं उरलीत: कोथरूडच्या घरामागची बाग आणि सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरजवळचा कवडी पाट.

बागेत खुर्ची टाकली की झालं. जास्वंदीवर शिंजीर, उंबरावर तांबट, नशीब असेल तर राखी धनेशाची जोडी, आणि मातीच्या परळात आंघोळीला बुलबुल. परळ दाट झुडपापासून जरा लांब ठेवा, तिथे मांजर दबा धरून बसते. पाणी रोज बदला. दुर्बीण ८ बाय ४२ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. दहापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवा, चित्र स्थिर राहतं.

पण चक्रवाक बदक बागेत येणार नाही. त्यासाठी हिवाळ्यात, भल्या सकाळी, मुळा-मुठा नदीच्या काठी, कवडी पाटलाच जायला हवं. जमीन खडबडीत, वॉकर अडतो. म्हणून काच खाली करून गाडीतूनच बघा. थांबलेल्या गाडीला पक्षी चालत्या माणसाइतके बिचकत नाहीत. शेकाटे, धोबी हे पक्षी काठावरच दिसतात. नदीतलं प्लास्टिक बघून मात्र जीव तुटतो.

मी रोज बागेतच बसतो. सोबतीला कोणी असेल तर डिसेंबर-जानेवारीत दोनदा तरी कवडी पाट.