कोपराच्या दुखण्याचं पॅकेज आणि माझ्या नावावरचं कर्ज

पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईचा उजवा कोपर दुखायला लागला, यात नवल काहीच नाही. कणीक मळा, लाटा, डबे उचला, हेच दिवसभर. कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोट ठेवलं की कळ यायची आणि भरलेलं पातेलं उचलताना हातातलं बळच जायचं. टेनिस एल्बो म्हणतात याला. मी जन्मात रॅकेट धरलेली नाही, आणि हे दुखणं होणाऱ्या बहुतेकांनीही धरलेली नसते. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूचा टेंडन तिथे हाडाला जोडलेला असतो, तो जास्तीच्या कामाने बिनसतो. पण लिहायला बसले ते या दुखण्यावर आमच्या नाशकात जो धंदा चाललाय, त्याबद्दल.

सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मोफत सांधे व मणका तपासणी शिबिर’ लागलं. एका मुलाने धातूची कांडी हातात धरायला दिली, तिची वायर लॅपटॉपला. मिनिटभरात रंगीत रिपोर्ट बाहेर. हाडांची झीज, रक्ताभिसरण, काय वाट्टेल ते, आणि प्रत्येकापुढे लाल-पिवळे ठिपके. माझ्या रिपोर्टात प्रोस्टेटचाही, म्हणजे फक्त पुरुषांना असणाऱ्या ग्रंथीचाही, आलेख होता. म्हटलं, “अरे दादा, हे कुठून आलं?” तर तो म्हणाला, “सॉरी काकू, जेंडर चुकलं.” बटण दाबून त्याने लगेच दुसरा रिपोर्ट काढून दिला. कांडी तेव्हा टेबलावर पडलेली होती!

मशीनचं हसू झालं, पण खरा डाव पुढच्या खोलीत होता. पांढऱ्या कोटातल्या माणसाने नेमक्या दुखऱ्या ठिकाणी अंगठा दाबला. माणसाचा विश्वास बसतो तो इथे. आता कळतं की टेनिस एल्बोची जागा सगळ्यांची तीच असते, अंगठा कुणालाही दाबता येतो. “टेंडन सत्तर टक्के फाटलाय ताई. आता नाही केलं तर ऑपरेशन, दोन लाख.” एवढं निदान त्याने अंगठ्याने केलं. पॅकेज 42 हजारांचं, ‘आज’ 28 हजारांत. “पैसे आत्ता नकोच, हप्ते आहेत ना आपल्याकडे.” रिसेप्शनवरच्या मुलीने आधार, पॅन, सेल्फी आणि ओटीपी घेतला.

ते हप्ते त्यांच्याकडचे नव्हतेच. एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर कर्ज काढून सगळी रक्कम त्यांना देऊन टाकली होती. उपचार बंद झाले तरी हप्ता बँकेतून कटतच राहतो, तो असा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने डिजिटल कर्जाला ‘कूलिंग ऑफ’ मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय सुटता येतं. हे तिथे कुणी सांगत नाही. ओटीपी मागितला की आधी विचारा, कर्ज देणारा कोण, आणि ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च लिहिलेला कागद, कुठे आहे.

शेकाचं मशीन, पट्टा आणि पुड्या, असा उपचार. पुडीने दोन-तीन दिवसांत दुखणं गायब. पुड्या संपल्या की दुप्पट. मग नव्या पुड्या, त्यांचे पैसे वेगळे. चेहरा सुजला, ताब्यात असलेली शुगर चढली. आमच्या जुन्या डॉक्टरांनी तोंडाकडे पाहूनच विचारलं, “पुड्या कुणाच्या खाताय?” त्यांचा संशय स्टेरॉइडचा. तपासणीशिवाय ठाम सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. मात्र अशा पुड्या बरेच दिवस खाल्ल्या असतील तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून करा. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करून बसलेलं असतं.

पैसे परत मागितले तर पावती दाखवली: ‘वेलनेस सेवा, नॉन-रिफंडेबल’. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक नव्हता. विचारला, तर म्हणे “आमची थेरपी इंटरनॅशनल आहे, इथल्या कौन्सिलमध्ये येत नाही.” ॲलोपॅथी की आयुर्वेद, या वादात मी पडत नाही. एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नाव हवं, बीएएमएस असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमध्ये, आणि फिजिओथेरपिस्टसाठी राज्याची वेगळी परिषद 2002 च्या कायद्याने आहे. हे महाशय कुठल्याच यादीत सापडले नाहीत.

शेवटी गेले ऑर्थोपेडिककडे. त्यांनी मान तपासली, बोटांना मुंग्या येतात का विचारलं, तळवा खाली ठेवून खुर्ची उचलायला लावली. एमआरआय नको म्हणाले, कारण न दुखणाऱ्या कोपरातही त्यात खराबी दिसते. इंजेक्शनचं मीच विचारलं. “काही आठवडे छान वाटेल, पण वर्षाने पाहिलं तर न घेतलेलेच जास्त बरे असतात.” पाठवलं फिजिओथेरपिस्टकडे. तिने टेबलाच्या कडेवर हात ठेवून अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली मनगटाने उचलायला आणि सावकाश खाली न्यायला शिकवलं. जरा दुखलं तर चालेल, सकाळी वाढलेलं असेल तर बाटलीतलं पाणी कमी करा. पातेलं तळवा वर ठेवून उचला. वेळ लागेल, महिने लागतील, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. बहुतेकांचं हे दुखणं वर्षभरात आपोआपही ओसरतं, हेही तिनेच सांगितलं. पॅकेजवाल्यांची कमाई याच ओसरण्यावर चालते, बरं का.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. 5 लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकीलही लागत नाही. पावती, चिठ्ठी, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, उरलेल्या दोन पुड्या आणि प्रोस्टेटवाला रिपोर्ट, सगळं जपून ठेवलंय. परवा पॅकेजवाल्यांचा फोन आला होता, “ताई, अर्धे घ्या आणि तक्रार मागे घ्या.” म्हटलं, लेखी द्या. त्यानंतर फोन नाही. हप्ता मात्र पाच तारखेला कटला.